टेलरबाईंच्या घराचं माप

टेलरबाईंच्या घरात सगळ्यात तिरसट कोण, असं कुणी विचारलं असतं, तर माणसांपैकी कुणाकडेही न बघता त्यांनी सरळ जिन्याकडे बोट दाखवलं असतं. जिना अरुंद होता, चढा होता आणि मध्यावर असा काही गर्रकन वळायचा, की धडधाकट माणसाचाही हात आपसूक भिंतीकडे जावा. बाकी घर गुणी होतं. रस्त्याच्या बाजूला बाईंची शिवणाची खोली, तिच्यामागे कापडाचे गठ्ठे ठेवायची अंधारी खोली, त्यामागे स्वयंपाकघर, आणि या सगळ्यांच्या कडेनं पुढच्या दारापासून मोरीपर्यंत जाणारा एक चिंचोळा बोळ. वर झोपायच्या दोन खोल्या. एकीत बाई आणि त्यांचे यजमान, दुसरीत सासरे.

सासरे म्हणजे गणिताचे सर. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गावाला त्यांचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं. अर्ध्या गावानं त्यांचा ओरडा खाल्लेला, त्यामुळे भाजीवालासुद्धा त्यांच्यासमोर बेरीज करताना ओठ हलवत दोनदा करायचा. चुकलेलं गणित त्यांना खपायचंच नाही. एकदा एका नातेवाइकांकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली चूक त्यांना दिसली, तर आधी पेन्सिल मागितली आणि मग पाणी.

रोज संध्याकाळी सर खाली येत आणि कटिंगच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसत. बाई कापड मोजायच्या, सर मनात गुणाकार करायचे. कापड किती लागेल हे बाई अंदाजानं सांगायच्या, सर दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांसकट सांगायचे आणि दोघांत जुंपायची. ‘माणूस जेवल्यावर फुगतो बाबा, तुमच्या दशांश चिन्हात ते बसत नाही,’ असं बाई म्हणायच्या. गिऱ्हाइकं हे ऐकायला मुद्दाम थांबायची. खरं सांगायचं तर दोघांनाही दिवसातला तोच वेळ सगळ्यात आवडायचा, पण तसं बोलून दाखवण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

मग सरांचे गुडघे संपावर गेले. एका संध्याकाळी खाली येताना ते जिन्याच्या वळणावर अडकले. ना वर जाता येईना, ना खाली. बाईंच्या यजमानांनी आणि विजार आखूड करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानं त्यांना खुर्चीत बसवून कसंबसं वर पोचवलं. ज्याला आपण ल.सा.वि. शिकवला त्यानंच आपल्याला असं उचलावं, हे सरांच्या फार मनाला लागलं. त्या दिवसापासून ते खाली आले नाहीत.

ही बातमी सरांच्या धाकट्या मुलाला कळली. तो दूरच्या शहरात राहायचा, सज्जन होता आणि त्याच्या इमारतीला लिफ्ट होती. महिनाअखेरच्या रविवारी येतो आणि बाबांना घेऊन जातो, असं त्यानं फोनवर सांगितलं. सरांना विचारलं तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

‘जाईन की. मला काय, इथं काय आणि तिथं काय.’

बाईंना हे वाक्य सुईसारखं टोचलं. इतकी वर्षं एका टेबलाशी भांडलो, आणि म्हणे इथं काय आणि तिथं काय! त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. खाली येऊन मशीनवर बसल्या आणि एका शर्टाची बाही उलटी जोडून ठेवली. पण मनातून त्या काही गप्प बसल्या नव्हत्या. सरांची खाट खाली कुठं मावेल, याचा विचार त्या तुरपाई करताना करायच्या, भाजी चिरताना करायच्या. शिवणाच्या खोलीत टेबल आणि दोन मशिनींनंतर मांजरालाही जागा उरत नव्हती. अंधाऱ्या खोलीला खिडकीच नव्हती. तिथं ठेवलेले कांदेबटाटेही चार दिवसांत माना टाकायचे. अशा बिळात म्हाताऱ्या माणसाला झोपवायचं, त्यापेक्षा लिफ्टचं घर शंभरपट बरं, हे बाईंनाही कळत होतं.

तोवर बाईंनी जिन्याच्या कठड्याला दोरी बांधून एक टोपली सोडली. चहा वर जायचा, वाचून झालेलं वर्तमानपत्र खाली यायचं. पण टोपलीतून भांडता येत नाही.

अशातच एका सकाळी नर्सआजी आल्या. त्या कोपऱ्यावर राहायच्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आणि नातीच्या लग्नासाठी त्यांना आपल्या आईच्या ड्रेससारखी कॉलर हवी होती. नमुना म्हणून त्यांनी आईचा जुना फोटो आणला होता. बाईंनी कॉलर बघायला भिंग घेतलं आणि कॉलर राहिली बाजूला. फोटोतल्या बाईच्या शेजारी एक उंच, कमानदार खिडकी होती. वरच्या अर्धगोलात काचेच्या पाकळ्या, त्यातली एक तडकलेली.

बाईंनी मान वर केली. गल्लीकडच्या भिंतीत ती खिडकी समोरच होती. तडकलेल्या पाकळीसकट.

‘तुझ्याच घरात काढलाय तो,’ नर्सआजी शांतपणे म्हणाल्या. ‘इथं फोटोवाला राहायचा. तुला माहीत नाही?’

बाईंना कुठून माहीत असणार? हे घर सरांनी आणि यजमानांनी मिळून एका धान्याच्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं, आणि तेव्हा खाली नुसती पोती होती. घर पोत्यांसाठीच बांधलं असावं, अशीच सगळ्यांची समजूत. पण बाईंचं लक्ष आता दुसरीकडेच लागलं होतं. फोटोतली खोली मोठी होती. चांगली ऐसपैस. खुर्चीत बसलेल्या आईच्या मागे लांबवर भिंत दिसत होती, भिंतीत गोल माथ्याचा कोनाडा होता, कोनाड्यात फुलदाणी. असा कोनाडा बाईंनी आपल्या घरात कुठंच पाहिला नव्हता.

‘आणि फोटो धुवायची एक काळोखी खोली होती,’ नर्सआजींनी वर सांगितलं. ‘तिथं तो कुणाला फिरकू द्यायचा नाही.’

झालं. बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. घरात दडलेली जागा आहे. जागा आहे म्हणजे खाट मावेल. खाट मावली म्हणजे सर खाली येतील, आणि खाली आलेले सर मग लिफ्टसाठी परगावी कशाला जातील? रविवारला अजून अवकाश होता.

बाईंनी गावाला कामाला लावलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या माप घेता घेता विचारायच्या, तुमच्याकडे जुने फोटो आहेत का हो, खिडकीजवळ काढलेले? लोक ट्रंका उपसायला लागले. कुणी आजोबांचा आणला, कुणी आत्याचा, न्हाव्यानं तर आपल्या अख्ख्या खानदानाचा आणला. बाईंनी सगळे फोटो टाचण्यांनी एका चादरीवर लावले. कोणत्या फोटोमागे काय लिहिलंय हे त्यांनी बघितलंच नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. ही पफ बाही आधीची, ही टोकदार कॉलर नंतरची, हिच्या बाहीच्या चुण्या बघता ही या दोघींच्या मधली, असं करत त्यांनी सगळी माणसं बरोबर ओळीत उभी केली. एकाच्या विजारीची मोहरी सगळ्या कालगणनेला छेद देत होती, तेव्हा बाईंनी निकाल दिला की विजार मोठ्या भावाची आहे. नातवानं घरी विचारून आल्यावर कबूल केलं की होती.

आणि एक गोष्ट हळूहळू सगळ्यांच्याच ध्यानात आली. फोटोतली माणसं हसत होती. त्या काळात फोटो काढायचा म्हणजे माणसं चेहऱ्यावर इस्त्री फिरवून बसायची. पण या खिडकीशेजारी बसलेला जो तो पोट धरून हसण्याच्या बेतात होता. मिशाळ आजोबा, कडक आत्या, न्हाव्याच्या खानदानातला तान्ह्यासकट एकूण एक जण. याचं कारण नर्सआजींनीच सांगितलं. फोटोवाला काळ्या कापडात डोकं घालायचा, हात वर करायचा, गंभीर आवाजात मोजायचा आणि म्हणायचा, ‘एक, दोन, पाच!’ समोरचा गोंधळून हसला की टिपलाच.

ही हकिकत बाईंनी जिन्यातून ओरडून वर सांगितली.

‘असल्या माणसाच्या घरात मी इतकी वर्षं राहतोय?’ सरांचा आवाज आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपलीतून ते फोटो वर मागवले आणि संध्याकाळपर्यंत परत केले नाहीत.

आता उरलं माप. बाईंचं म्हणणं सोपं होतं. घर बाहेरून मोजायचं, खोल्या आतून मोजायच्या, भिंतींची जाडी धरायची. जो फरक उरेल, ती दडलेली खोली. घराच्या बाजूच्या गल्लीत त्या गळ्यातली टेप घेऊन उतरल्या. टेप धरायची, खडूची खूण करायची, टेप उचलून पुढं धरायची. गल्लीतली माणसं बघत होती, पण बाईंना कशाचं भान नव्हतं. आत मात्र टेबल, मशिनी, गठ्ठे यांची इतकी अडचण, की तिथं टेप चालेना. मग त्यांनी सुतळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एका दमात ताणली आणि नंतर तीच मोजली. आकडे कटिंगच्या खाकी कागदावर मांडले, वजाबाकी केली आणि त्यांच्या अंगावर काटा आला. फरक पडत होता. एक खाट आडवी टाकता येईल, इतका फरक.

त्यांनी कागद टोपलीत घातला. ‘बाबा, एवढं तपासून द्या,’ असं खालूनच सांगितलं. टोपली वर गेली. बाई मशीनवर बसल्या, पण कान जिन्याकडे. एरवी असल्या हिशेबाला सरांना डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ लागायचा. आज चहा गार झाला, दिवे लागले, तरी टोपली हलेना. अखेर ती खाली आली. कागदावर लाल पेन्सिलीनं मोठी बरोबरची खूण होती, आणि तिच्याखाली सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, पैकीच्या पैकी.

बाईंना आकाश ठेंगणं झालं. सरांकडून पैकीच्या पैकी मिळालेला माणूस गावात कुणी पाहिला नव्हता. खुद्द त्यांच्या दोन मुलांनाही शाळेत ते भाग्य लाभलं नव्हतं.

दडलेली जागा शिवणाच्या आणि अंधाऱ्या खोलीच्या मधल्या भिंतीतच असणार, हे बाईंनी टकटक करून ठरवलं होतं. दोन्ही बाजूंनी भिंत पोकळ वाजत होती. यजमान पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते आणि दिवसभर पंपाचा आवाज ऐकून घरी आल्यावर त्यांना बोलायचा उत्साह नसायचा. त्यांनी भिंतीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, नक्की ना? बाई म्हणाल्या, बाबांनी तपासलंय. यावर काय बोलणार? सरांनी तपासलेल्या गणितावर शंका घ्यायची म्हणजे उद्या सूर्य कुठून उगवेल असं विचारण्यासारखं होतं. गवंड्यालाही हेच उत्तर मिळालं, आणि तो तर सरांचा विद्यार्थीच निघाला. त्यानं वर जाऊन बघितलं, खाली येऊन बघितलं, या भिंतीवर घराचा काही भार नाही अशी खात्री करून घेतली आणि कान चोळत कामाला लागला.

शनिवारी सकाळी गठ्ठे बोळात काढले आणि हातोडा पडला. अर्धी गल्ली दारात जमली होती. नर्सआजी खुर्ची घेऊनच आल्या होत्या. वरून सरांचा खोकला ऐकू येत होता. गवंड्यानं एक वीट काढली, दुसरी काढली, भोक मोठं केलं आणि डोकं आत घातलं.

‘बाई,’ आतून आवाज आला, ‘इथं खोली आहे. पण ती तुमचीच आहे.’

भिंत एका विटेची होती. इकडून फोडली ती थेट अंधाऱ्या खोलीत उघडली. मधे ना खाट, ना खोली, ना वीतभर पोकळी. पातळ भिंत पोकळ वाजते, एवढंच काय ते रहस्य.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. यजमान आपली लोखंडी टेप घेऊन गल्लीत गेले. बाहेरच्या भिंतीवर बाईंच्या खडूच्या खुणा अजून होत्या. थोड्या वेळानं त्यांनी बाईंना हाक मारली आणि एका खुणेवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या खुणेवर. प्रत्येक ठिकाणी एक नव्हे, दोन रेघा होत्या, शेजारी शेजारी, मधे चार बोटं मावतील इतकं अंतर ठेवून. बाईंनी टेप जितक्या वेळा उचलली, तितक्या वेळा सवयीनं शिलाई धरून पुढचं माप चार बोटं मागून सुरू केलं होतं, म्हणजे तेवढी भिंत दोनदा मोजली होती. आत सुतळी एका दमात ताणली, तिथं जोड नव्हता, म्हणून शिलाईही नव्हती. बाहेर भिंत लांबलचक, जोड भरपूर. त्या सगळ्या शिलाया एकत्र करून बाईंनी एक खोली शिवली होती.

यजमान हसायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईंनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. भिंतीला टेकून, डोळे पुसत. त्यांचं बघून गवंडी हसला, गवंड्याचं बघून न्हावी. बाईसुद्धा हसल्या. हसता हसता आत गेल्या, बोळातल्या एका गठ्ठ्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. भिंत गेली, खोली मिळाली नाही आणि उद्या रविवार. उद्या भाऊजी गाडी घेऊन येणार आणि सर ‘इथं काय आणि तिथं काय’ म्हणत गाडीत बसणार. आपण मात्र विटांच्या ढिगाऱ्यात बसून राहणार.

गवंड्याला रडणाऱ्या बाईकडे बघवेना, म्हणून तो आपला उरलेल्या विटा काढत राहिला. भोक रुंद होत गेलं. धूळ बसली तशा नर्सआजी खुर्चीवरून उठल्या आणि काठी टेकत थेट विटांवरून पलीकडे गेल्या. अंधाऱ्या खोलीत आता अंधार नव्हता. कमानदार खिडकीतून आलेलं ऊन शिवणाच्या खोलीतून तिरपं पार मागच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. गठ्ठे हलवल्यामुळे तिथल्या फळ्या उघड्या पडल्या होत्या, आणि फळ्यांच्या मागे, गोल माथ्याचा, धुळीनं भरलेला एक कोनाडा होता.

नर्सआजी कोनाड्याकडे बघत खिडकीपर्यंत परत आल्या, थांबल्या, एक पाऊल मागे सरकल्या, पुन्हा थांबल्या.

‘आई इथंच बसली होती,’ त्या म्हणाल्या.

बाई रडायच्या थांबल्या. त्यांनी जमिनीवरची सतरंजी खसकन ओढली. फरशीची काळीपांढरी नक्षी शिवणाच्या खोलीतून निघून भिंतीच्या जागेखालून सरळ पलीकडे गेली होती, कुठंही न तुटता. फोटोवाल्याची ती मोठी खोली दडलेली नव्हतीच. व्यापाऱ्यानं पोत्यांसाठी तिच्यात भिंत घातली होती आणि तिचे दोन खुराडे केले होते. आणि बाई त्यातल्या एका खुराड्यात बसून तीच खोली गावभर शोधत होत्या. फोटो धुवायची काळोखी खोली म्हणजे जिन्याखालची ती जागा असणार, जिथं बाई केरसुणी ठेवायच्या. तिथं फिरकण्याची कुणालाच हौस नव्हती.

‘सगळीच काढा,’ बाई गवंड्याला म्हणाल्या. ‘एक वीट ठेवू नका.’

मग काय धमाल उडाली! न्हाव्यानं दुकान बंद केलं. कुणी घमेली आणली, कुणी झाडू. विटा बाहेर, गठ्ठे वर. गठ्ठे ठेवायला वर जागा कुठं, तर सरांच्या खोलीत. बाईंचे गुडघे ठणठणीत होते, कापड आणायला त्या दिवसातून हव्या तितक्या वेळा वर गेल्या असत्या. पहिला गठ्ठा दारात आला तेव्हा सर चपापले. दुसरा आल्यावर हे काय चाललंय म्हणून विचारलं. न्हाव्यानं सांगितलं, सर, तुमची बदली झाली. दुपार कलली तोवर मागच्या बाजूला, कोनाड्याखाली, सरांची खाट लागली, तिथून खिडकीही दिसत होती आणि कटिंगचं टेबलही. सरांना खुर्चीत बसवून यजमानांनी आणि गवंड्यानं उचललं. या वेळी वळणावर त्यांनी हूं की चूं केलं नाही. खाली पोचल्यावर सर बराच वेळ खोली बघत राहिले आणि म्हणाले, गवंड्याच्या नव्या गिलाव्याची कड तिरकी आहे. गवंड्यानं ती निमूटपणे सरळ केली.

त्या संध्याकाळी बाईंनी कटिंग केलं आणि सरांनी दशांश चिन्हासकट त्यांना छळलं. बाईंना इतकं हलकं वाटत होतं, की त्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. पण झोपायला वर जाताना त्या जिन्याच्या वळणावर थांबल्या. खाट खाली आली, हे खरं. पण जायचं की राहायचं, हे सरांनी कुठं सांगितलं होतं? जायचं म्हणून भरलेली त्यांची पेटी अजून तशीच होती.

रविवारी भाऊजी आले. दारातच थबकले, डोळे चोळले आणि आपण चुकीच्या घरात आलो की काय म्हणून बाहेर जाऊन पुन्हा आले. त्यांना सगळी कहाणी सांगावी लागली. फोटो, कोनाडा, एक दोन पाच आणि शेवटी शिलाईची भानगड. बाई ओशाळून म्हणाल्या, माझं गणित चुकलं भाऊजी, आणि म्हणून भिंत गेली. भाऊजी मनापासून हसले. मग मधेच थांबले. लहानपणी एका दशांश चिन्हापायी ते संध्याकाळभर अंगणात उभे राहिलेले होते, त्यामुळे त्यांना काहीतरी खटकलं.

‘वहिनी, पण तुम्ही तर म्हणालात बाबांनी तपासलं होतं.’

हे यजमानांना सुचलं नव्हतं, गवंड्याला सुचलं नव्हतं आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे बाईंना सुचलं नव्हतं. सगळे खाटेकडे बघायला लागले. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं तो नीट पुसला आणि पुन्हा घातला.

‘तपासलं होतं.’

‘मग चूक दिसली नाही तुम्हाला?’ भाऊजींना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

‘पहिल्या ओळीतच दिसली,’ सर म्हणाले. ‘घराची लांबी मला पाठ आहे. घर घेतलं तेव्हा मीच मोजलं होतं. सूनबाईनं बाहेरून शिलाई धरली आहे, हेही कळलं. ती भोपळ्यालाही शिलाई धरेल.’

‘आणि तरी पैकीच्या पैकी?’

ज्या माणसानं कॅलेंडरसुद्धा सोडलं नव्हतं, त्यानं आयुष्यात एकाच चुकीच्या गणितावर बरोबरची खूण केली होती, आणि तीही संध्याकाळभर विचार करून. चहा त्यासाठी गार झाला होता.

‘फोटो बघितले तेव्हाच कळलं, खोली दडलेली नाही, तिच्यात नुसती भिंत घातली आहे. बरोबर करून दिलं असतं तर ती पडली नसती,’ सर म्हणाले. ‘आणि मला जायचं नव्हतं.’

बाईंच्या हातातली कात्री टेबलावर आपटली. त्यांना राग आला होता, आनंद झाला होता, आणि दोन्ही एकदम. इतके दिवस त्या मनातल्या मनात या म्हाताऱ्यावर रुसल्या होत्या!

‘मग तसं सरळ सांगायचं ना, बाबा. इथं काय आणि तिथं काय, असं कशाला म्हणालात?’

‘मग काय म्हणू? जिन्यात अडकणारं ओझं आहे मी, मला ठेवून घ्या, असं म्हणू?’ सर म्हणाले. ‘आणि तू तरी कुठं म्हणालीस, राहा म्हणून?’

बाईंनी आठवून बघितलं. खरंच. त्यांनी गाव पालथं घातलं होतं, ट्रंका उपसायला लावल्या होत्या, घराची एक भिंत पाडली होती. पण तो एक शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. भाऊजींनी हळूच पायातले बूट काढले आणि ते भिंतीशी नीट लावून स्टुलावर बसले.

बाई खाटेजवळ गेल्या, सरांच्या समोर उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, ‘राहा.’